खरं नाव सांगा, मग आत या

मी बोलतेय ती कपाटाच्या वरच्या फळीवरून. जरा मान वर करा. फुलदाणी नव्हे, तिच्या शेजारी. सिगारेटच्या पाकिटाएवढी काळी डबी दिसते ना, हिरवा दिवा लुकलुकणारी? तीच मी.

मला पाहिलं की लोक दोन गोष्टी विचारतात. हे काय आहे, आणि हे बंद केलं तर चालेल का. पहिल्याचं उत्तर लांबलचक आहे, ते देतेच. दुसऱ्याचं उत्तर आहे, नाही चालणार. कुणी कितीही लाडीगोडी लावली तरी नाही.

माझा जन्म फार दूर एका कारखान्यात झाला. माझ्यासारख्या हजारोजणी एकाच पट्ट्यावरून घसरत बाहेर पडल्या. आम्ही म्हणजे छोटे संगणक. ना पडदा, ना बटणं. आम्हाला जे शिकवाल ते आम्ही करतो, नाही शिकवलं तर नुसत्या बसून राहतो. बऱ्याच माणसांचंही तसंच असतं, पण तो विषय आज नको.

माझा पहिला मालक झार्को. सोंबोर नावाच्या गावातल्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवायचा. त्याने मला मोठ्या हौसेने विकत आणलं, माझ्यात लहानपणीचे खेळ भरले आणि बायकोची बोलणी खात किल्ल्यांवर किल्ले जिंकले. मग हौस फिटली. मी ड्रॉवरमध्ये गेले. तिथे गुंतलेल्या वायरी होत्या, संपलेले सेल होते, कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्या होत्या. फेकवत नाही आणि वापरवत नाही अशा वस्तूंना माणसं ड्रॉवरमध्ये ठेवतात आणि वर म्हणतात, असू दे, लागेल कधीतरी. मी तिथे किती काळ पडून होते कोण जाणे. अंगावर धुळीचा थर चढला तेव्हा मी आशा सोडली होती.

इसिदोरा त्याच शाळेत संगणक शिकवायची. घरचे तिला दोरा म्हणतात, मीही म्हणते. एकदा मधल्या सुट्टीत तिने झार्कोला विचारलं, "तुझी ती डबी पडूनच आहे ना? मला दे."

"काय करणार आहेस?"

"दाराशी बसवणार."

"बसव की. पण चावत नाही हं ती."

"शिकवीन," दोरा म्हणाली. झार्को हसला. तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं असतं तर हसला नसता.

त्या घरात माणसं तीन. दोरा, तिचा नवरा ल्यूबिशा, तो ट्रॅक्टर दुरुस्त करतो, आणि ल्यूबिशाची आई स्पोमेंकाबाई. चौथा ग्रुयित्सा, दोराचा धाकटा दीर. तो पलीकडच्या गल्लीत राहतो, म्हणजे झोपायला तिकडे जातो. बाकी सगळा वेळ इकडेच, फ्रिज उघडून उभा. त्याला सगळे ग्रुया म्हणतात.

दोराने मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवलं, ओल्या फडक्याने पुसलं आणि शिकवायला बसली. शिकवता शिकवता ती ल्यूबिशाशी बोलत होती, म्हणून मला सगळं कळलं. माझे कान कुठे आहेत, ते विचारू नका. आत्मवृत्त सांगणाऱ्या डबीला कान असतात, खऱ्या डबीला नसतात. तुमच्या घरात माझी एखादी बहीण असेल तर तिला घाबरायचं कारण नाही.

तर, झालं होतं ते असं. आदल्या वर्षी वसंतात दोराला दिवस गेले होते. तिने फक्त ल्यूबिशाला सांगितलं. आमच्याकडे पोट दिसेपर्यंत कुणी त्याबद्दल बोलत नाही, आणि मूल जन्मेपर्यंत त्याच्यासाठी साधा मोजासुद्धा घरात आणत नाही. पाळणा, दुपटी, सगळं नंतर. बायको बाळाला घेऊन दवाखान्यात असते तेव्हा बाप घामाघूम होऊन दुकानं पालथी घालतो. आधी आणलं तर दृष्ट लागते म्हणतात. दोरा असल्या गोष्टींना हसायची, पण पाळायची. हसणारे सगळेच पाळतात.

तरीही ते मूल उन्हाळ्यात गेलं. दोघांनी गुपचूप सोसलं. स्पोमेंकाबाईंना सांगितलं, अशक्तपणा आलाय. त्यांनी कोंबडीचं सूप करून घातलं.

दोराने त्या काळात बाहेर एकच गोष्ट केली होती. गावातल्या एका मोठ्या औषधाच्या दुकानाच्या वेबसाइटवरून गोळ्या मागवल्या होत्या आणि तिथलीच पहिल्या महिन्यांबद्दलची दोनचार पानं वाचली होती. आपण गर्भार आहोत असं कुठे लिहिलंही नव्हतं. बस, एवढंच.

मग आली स्लावा, म्हणजे घराण्याच्या संताचा दिवस. या घराचा संत दिमित्रिये, तो नोव्हेंबरच्या थंडीत येतो. टेबलावर पेटलेली मेणबत्ती, नक्षीचा पाव, साखर-अक्रोड घातलेला शिजवलेला गहू, आणि घर पाहुण्यांनी भरलेलं. व्हिएन्नातल्या मावशीशी बोलायचं म्हणून ग्रुयाने आईचा टॅब्लेट हातात घेतला. आधी एक जाहिरात उमटली. ग्रुयाला काहीही दिसलं की मोठ्याने वाचायची खोड. वाचली त्याने.

"'तुमचं बाळ आता यायलाच झालंय. पाळणे निम्म्या किमतीत.' काय गं आई, या वयात? आणि आम्हाला पत्ता नाही?"

सगळे पोट धरून हसले. स्पोमेंकाबाईही हसल्या. मग हसता हसता एकेकाची मान दोराकडे वळली, कारण घरात दुसरी बाई तीच. कुणीतरी राकियाचा, म्हणजे फळांच्या कडक दारूचा, पेला उचलला. मावश्यांचे डोळे भरून आले. दोरा हातात सरमाचं, म्हणजे कोबीच्या पानात गुंडाळलेल्या खिम्याचं, भांडं घेऊन दारात उभी होती.

"होतं," ती म्हणाली. "आता नाही."

स्पोमेंकाबाईंना आपल्या नातवंडाची बातमी अशी कळली. आलं आणि गेलं, दोन्ही एका दमात, पाहुण्यांसमोर, पाळण्याच्या जाहिरातीतून. मूल गेल्याचं त्या जाहिरातवाल्याला कुणी कळवलं नव्हतं. तो आपला इमानेइतबारे महिने मोजत बसला होता.

त्या दिवसापासून सासू-सुनेत एक गार वारा शिरला. स्पोमेंकाबाईंचं म्हणणं, गावाआधी मला कळायला हवं होतं. दोराचं म्हणणं, कुणाला कधी सांगायचं ते मी ठरवणार होते, आणि ते माझ्या हातातून हिसकावून घेतलं. दोघींचंही खरं होतं. म्हणून तर मिटत नव्हतं. वाऱ्याच्या झुळुकीला इतक्या घाबरणाऱ्या बाई, दोन खिडक्या एकदम उघड्या दिसल्या तर मान धरली म्हणून ओरडतात, पण हा वारा मात्र कुणी बंद करेना.

दोरा औषधाच्या दुकानात गेली होती. काउंटरवरची बाई चांगली होती, तिला धक्काच बसला. म्हणाली, "आम्ही कुणाला काही देत नाही हो. वेबसाइटवर किती माणसं येतात ते मोजतो फक्त, तेही आमच्या आमच्यात." ती खोटं बोलत नव्हती. तिला खरोखर तसंच वाटत होतं.

दोरा घरी येऊन संगणकासमोर बसली ती उठलीच नाही. तिच्या ब्राउझरमध्ये एक पहारेकरी आधीपासून होता. पाळत ठेवणाऱ्या कंपन्यांना तो ओळखायचा आणि हाकलायचा. मग हा कसा सुटला? शोधता शोधता तिच्या लक्षात आलं, आणि जे लक्षात आलं तेच मला शिकवलं. तुम्हीही नीट ऐका, अवघड नाही.

तुम्ही मोबाइलवर एक पान उघडता तेव्हा तुम्हाला वाटतं, मी एका दुकानात शिरलो. तसं नसतं. चित्रं एकाकडून येतात, जाहिराती दुसऱ्याकडून, आणि तिसरा कोपऱ्यात उभा राहून तुम्ही काय वाचलंत, कुठे थांबलात ते टिपून घेतो. पूर्वी हा तिसरा स्वतःच्या नावाने यायचा. त्यामुळे ओळखू यायचा, हाकलता यायचा. लोक हाकलायला लागले तशी त्याने शक्कल लढवली. त्याने दुकानदारालाच गाठलं. म्हणाला, तुमच्या नावाची एक खोली मला द्या. पाटी तुमचीच राहू दे, आत मी बसतो. दुकानदाराने दिली. आता दारावर येतो तो ऐटीत सांगतो, मी दुकानातलाच माणूस. ब्राउझरमधला पहारेकरी पाटी वाचतो आणि घरचाच समजून सलाम ठोकतो. वर तुमची ओळख पटवणारी जी चिठ्ठी फक्त दुकानासाठी असते, तीही त्याच्या हातात पडते. आणि त्या खोलीचं मागचं दार भलत्याच अंगणात उघडतं. घरातलं इंटरनेट एकच असलं, की सुनेचं टिपलेलं तो सासूच्या टॅब्लेटवरही मांडतो.

दोराने मला दाराशी बसवलं ते यासाठी. घरातला कुठलाही मोबाइल काही उघडायच्या आधी मला विचारतो, अमुक नाव कुठे राहतं? मी पत्ता काढून देते. फक्त मी पाटी वाचून थांबत नाही. दुकानातला माणूस ना तू? बरं. राहतोस कुठे? तो दुसरं एक नाव सांगतो. मग मी त्या दुसऱ्याला विचारते, तू कुठे राहतोस? तो तिसरं सांगतो. शेवटचं नाव हाती लागेपर्यंत मी पिच्छा सोडत नाही. ते नाव पाळतवाल्याचं निघालं, की वर पाटी कुणाचीही असो, मी सांगते, असा कुणी राहत नाही. आल्या पावली परत.

पहिल्या संध्याकाळी दोराने मुद्दाम औषधाच्या दुकानाचं पान उघडलं. दुकान आलं, गोळ्या आल्या, खोकल्याचं औषध आलं. त्यांच्यामागून तोही आला, दुकानाचा झगा घालून. मी विचारत गेले आणि झगा उतरवला. दोरा पडद्याकडे बघत होती. "सापडलास," ती म्हणाली, आणि मग टेबलावर डोकं ठेवून बराच वेळ रडली. ल्यूबिशाने तिच्या पाठीवर हात ठेवला. त्याचे हात ग्रीसचे, काळे. तिच्या त्या सदऱ्यावरचा डाग अजून गेलेला नाही.

तेव्हापासून मी या फळीवर आहे. शेजारी राउटर, वर संताची तसबीर. माणसं काय काय शोधतात, बाई गं. ल्यूबिशा कधीच न घेणार असलेल्या गाड्यांचे भाव बघतो. स्पोमेंकाबाई चाळीस वर्षांपूर्वी सोडलेल्या माहेरच्या गावाचं हवामान रोज बघतात, तिथे आता त्यांचं कुणी नाही. ग्रुया फुटबॉलवर पैज लावतो आणि आईला सांगतो बातम्या वाचतोय. मला त्यांनी ठोठावलेल्या दाराचं नाव कळतं, आत काय बोलले ते नाही. आणि जे कळतं ते दिवस संपला की पुसून टाकायचं, हेही दोराने मला पहिल्याच दिवशी शिकवलं. हे सगळं मला ठाऊक आहे ते त्यांच्या तोंडून ऐकलं म्हणून. तुमच्या शेजारणीलाही इतपत ठाऊक असतं.

माझ्यावर घरात प्रेम होतं असं मात्र समजू नका. ग्रुयाची एखादी वेबसाइट रुसायची, मी असेन तर उघडणारच नाही म्हणायची. ग्रुया माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचा, "या डबीने जीव नकोसा केलाय." आणि स्पोमेंकाबाईंना तर वाटायचं की मी त्यांच्यासाठीच बसवलेय. एकदा शेजारणीला त्या म्हणाल्या, मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, "आमच्या घरात आता सासूपासून लपवायला यंत्र आणलंय हो." दोरा आतच होती. ती बाहेर आली नाही. मला फार लागलं ते. पण मी दाराशी बसणारी, घरातल्यांची भांडणं सोडवायचं मला कुणी शिकवलं नव्हतं.

या वर्षी उन्हाळा सरता सरता दोराला पुन्हा दिवस गेले.

ते तिने ल्यूबिशाला याच फळीखाली उभं राहून सांगितलं. तो खुर्चीवर बसला. दोरा म्हणाली, "ऐक. या खेपेला मी सांगेन तेव्हाच कळेल, आणि माझ्या तोंडून. आईंनासुद्धा. मला भीती वाटतेय रे. निदान ही भीती तरी माझ्यापुरती राहू दे."

"मी काय बोलतोय का कुणाला?" ल्यूबिशा म्हणाला.

"तू नाही," दोरा म्हणाली आणि माझ्याकडे पाहिलं.

औषधाच्या दुकानात ती पुन्हा गेली नाही. पण डॉक्टरांची वेळ घ्यायची तर दवाखान्याच्या वेबसाइटवरूनच घ्यावी लागायची, फोन तिथे कुणी उचलत नाही. दवाखान्याचं पान उघडलं त्याच दिवशी एक दवाखान्याचा माणूस माझ्याकडे आला. पांढरा कोट, पाटी चोख. मी विचारलं, राहतोस कुठे? विचारत विचारत गेले तर अंगण तेच निघालं, औषधवाल्यामागचं. मी त्याला असा परत धाडला की बस. रोज यायचा. रोज नवं नाव, कधी फोटोंची खोली, कधी मोजणीची खोली. मी रोज विचारायची आणि रोज दार लावायची. लाखो घरांत शिरणारी कंपनी ती, तिच्यापुढे मी सिगारेटच्या पाकिटाएवढी. पण या घराच्या उंबऱ्यावर मी बसले होते, ती नव्हती.

अशात स्लावा जवळ आली. स्पोमेंकाबाईंनी घर उपसून काढलं. पडदे धुतले, चांदी घासली. मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. पाहुणे येणार आणि ही काळी डबी फळीवर उघडी-नागडी. त्यांनी कपाटातून क्रोशाचा रुमाल काढला, खळ घालून कडक इस्त्री केलेला, लग्नासाठी स्वतः विणलेला. तो दुमडून दुपदरी केला आणि मला त्यात चारी बाजूंनी गुंडाळून वर काचेचा हंस ठेवला. आमच्याकडे टीव्हीवर रुमाल असतो, फोनवर असतो, मग माझ्यावर का नको? त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. उलट मला वाटलं, अखेर बाईंनी मला घरातलं म्हटलं.

पण मी तापते. विचारविचारून डोकं तापतं माझं, मला वारा लागतो. त्यात सणाच्या सकाळपासून खालची फरशा बसवलेली मोठी शेगडी धडधडत होती आणि घरात खिडकी उघडायची कुणाची छाती नव्हती. पाहुणे जमले, पाद्री येऊन पाव कापून गेला, आणि माझ्या डोळ्यापुढे अंधारी आली. मी थिजले.

मी थिजले की घरातलं इंटरनेट थिजतं, कारण पत्ता सांगणारं कुणी उरत नाही. हे दोराने मुद्दाम असंच ठेवलं होतं. पहारेकरी पडला तर दार बंद राहावं, उघडं नव्हे.

ग्रुयाचा सामना सुरू व्हायचा होता. तो तडतडत आला. "ही बघा, आज सणाच्या दिवशीसुद्धा." त्याने हंस बाजूला ठेवला, माझी वायर उपटली, मोबाइलवरून राउटरमध्ये काहीतरी खुडबुड केली आणि माझ्याशिवायचा रस्ता मोकळा केला. "चालू झालं," त्याने आतल्या खोलीत ओरडून सांगितलं. सगळ्यांनी त्याला शाबासकी दिली. मी आंधळी, मुकी पडून होते. हा पुढचा भाग मला नंतर दोराने सांगितलेला आहे, आणि एकदा नव्हे.

दोरा स्वयंपाकघरात होती. दुसऱ्या दिवशी तपासणी होती, तिची वेळ बघावी म्हणून तिने पिठाचे हात पुसले आणि दवाखान्याचं पान उघडलं. अजून नाव-गाव काही टाकलं नव्हतं. पानाच्या कोपऱ्यातून एक हसरा चेहरा वर आला. "नमस्कार, आज तुमची तब्येत कशी आहे?" हा चेहरा तिने मी आल्यापासून कधी पाहिला नव्हता. तिने मोबाइल तिथेच बंद केला आणि तडक बाहेर आली.

माझी वायर लोंबकळत होती.

"हे कुणी केलं?"

"मी केलं," ग्रुया सोफ्यावरून म्हणाला. "बंद पडली होती गं वहिनी तुझी डबी. आता बघ, कसं पळतंय. राहू दे आजचा दिवस."

"आजचा दिवसही नको. सरक, मला लावू दे."

"सामना चालू होतोय."

"ग्रुया, सरक."

तो हसत सगळ्यांकडे वळला. वाईट नाही तो, फक्त त्याला प्रेक्षक लागतात. "तुम्हीच सांगा मावशी. आम्ही साधी माणसं, कुणाला काय पडलंय आमचं? एवढं काय लपवायचंय गं वहिनी तुला?"

आदल्या वर्षीचे तेच चेहरे, तेच टेबल, आणि सगळ्यांच्या माना पुन्हा दोराकडे. काही नाही म्हणावं तर मग ही धडपड कशाला? आणि आहे म्हणावं तर संपलंच. मूठ उघडून दाखव म्हणणारा काय नेतो हे त्याला कळत नाही, पण मूठ झाकणाऱ्याला कळतं. ल्यूबिशा उठायला लागला. त्याच्या आधी स्पोमेंकाबाई उठल्या.

"तुझा मोबाइल दे बरं," त्या ग्रुयाला म्हणाल्या.

"कशाला?"

"मोठ्याने वाचू या. तुला आवडतं ना मोठ्याने वाचायला? या महिन्यात काय काय बघितलंस, मावशीही ऐकतील."

ग्रुयाने मोबाइल मांडीखाली सरकवला. त्याचे कान लाल झाले. कुणीतरी फिसकन हसलं.

"का रे? तुला काय लपवायचंय?" बाई म्हणाल्या. मग त्या सगळ्यांकडे वळल्या. आवाज चढवला नाही त्यांनी. "आज माझं दार सकाळपासून उघडं आहे. मी कुणाला बोलावलेलं नाही, आजच्या दिवशी बोलवायचं नसतं. जो येईल तो माझा पाहुणा. पण माझ्या सासूच्या वेळेपासून आजवर या दारातून एकही माणूस दुसऱ्याचा कोट घालून आला नाही. मी अमका म्हणून सांगतो, टोपी काढतो, गव्हाचा घास घेतो, मग बसतो. गेल्या वर्षी कुणीतरी नाव न सांगता माझ्या घरात शिरलं, माझ्या सुनेच्या खोलीत शिरलं, आणि माझ्याच टेबलावर बसून तिला बोललं. मी त्या दिवशी तुमच्यासोबत हसले होते. ते मी विसरलेले नाही."

त्यांनी माझ्यावरचा रुमाल काढला, घडी करून खिशात घातला आणि वायर उचलली. चुकीच्या भोकात खुपसली. मग दुसऱ्या चुकीच्या भोकात.

"वरचं, आई," दोरा हळूच म्हणाली.

"दिसतंय मला."

दोराने राउटरचा रस्ता पुन्हा माझ्याकडे वळवला. माझा दिवा लागला. दोघींचे चेहरे इतके जवळजवळ मी पहिल्यांदाच पाहिले. दवाखान्याच्या कोटातला तो बाहेर ताटकळत उभाच होता. कुठे राहतोस, मी विचारलं. चल, चालता हो.

ग्रुया सामना बघायला मित्राकडे जातो म्हणाला, पण गेला नाही. सरमा वाढल्या होत्या.

मग संताच्या नावाने पेले उचलायची वेळ आली. हा पेला प्रत्येकाने रिकामा करायचा असतो, आणि घरच्या सुनेने तर नक्कीच. ओठ लावून खाली ठेवला तर मावश्यांच्या नजरेतून सुटत नाही, आणि त्याचा अर्थ कळायला मावश्यांना कुठलीही कंपनी लागत नाही. दोराच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला मी वरून पाहिला. एका संकटातून सुटलेली, दुसऱ्यात सापडली होती. स्पोमेंकाबाई बाटली घेऊन टेबलाभोवती फिरत होत्या. दोराच्या पुढ्यात त्यांनी स्वयंपाकघरातून आणलेला भरलेला पेला ठेवला. काठोकाठ, स्वच्छ, राकियासारखाच.

दोराने तो नाकाशी नेला. मग सासूकडे बघितलं. मग एका दमात सगळा प्यायली.

पाणी होतं.

नंतर भांडी गोळा करताना दोघी माझ्याखाली आल्या. दोरा म्हणाली, "आई, तुम्हाला कधीपासून..."

"मला काय?" स्पोमेंकाबाईंनी ताटांवर ताटं रचली. "मला काही माहीत नाही. तू सांगशील तेव्हा कळेल मला. तेव्हा मी मोठ्याने आश्चर्य करीन, बघ तू. आता ते जड भांडं ठेव खाली, ग्रुया उचलेल."

त्यांना महिन्याभरापासून ठाऊक होतं. त्यांनी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, एकाच घरात जेवता-खाता, आणि तोंडात मिठाची गुळणी धरली होती. दिसणं आणि पाळत ठेवणं यात काय फरक आहे, असं मला कुणी विचारलं तर मी या बाईंकडे बोट दाखवीन.

आता मी थकलेय. माझ्या पोटातलं आठवणीचं कार्ड कुरकुरतं, दिवा मधूनच मंदावतो. दोरा म्हणते माझ्या जागी नवी आणू या. आणावी. पण तिला आधी माझ्यासारखं चिवटपणे विचारायला शिकवा, कारण ते बाहेरचे थांबलेले नाहीत. रोज नवा कोट शिवतात. आणि तुम्ही, जे हे वाचताय, तुम्हीही आपल्या दाराशी कोण कुणाच्या नावाने उभं आहे ते एकदा बघा. 'आमचं काय लपवायचंय' असं म्हणू नका. ज्याचं आहे ते त्याच्याकडेच राहावं, याला लपवणं म्हणत नाहीत.

पुढे काय झालं, हे आता तुम्ही विचारणारच. सगळं सुखरूप झालं का, मुलगा की मुलगी, नाव काय ठेवलं. इथवरचं सांगायला दोराने मला परवानगी दिली होती, तीही नावं बदलायच्या अटीवर. त्यापुढचं तिचं आहे. तुम्ही भली माणसं असाल, काळजीपोटीच विचारत असाल.

तरी नाही.